बाविसावा परिच्छेद

उजव्या हाताची तर्जनी खांद्याइतकी वर करायची, तिथेच थांबवायची आणि समोरच्याचं बोलणं पुरं व्हायची वाट न बघता म्हणायचं, "माझी एक छोटीशी दुरुस्ती आहे."

आमटीत मीठ जास्त झालंय असं कुणी म्हटलं की तर्जनी वर. "जास्त नाही. काल कमी होतं, म्हणून आज जास्त वाटतंय." अमक्याला कंपनीनं काढलं असं कुणी सांगितलं की तर्जनी वर. "काढलं नाही. त्याची बदली केली, आणि तिथून काढलं." एकदा एकाने गावाकडून आलेली मयताची बातमी सांगितली, तेव्हाही बोट वर गेलं होतं. गेलेल्या माणसाचं वय चुकलं होतं म्हणे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. प्रत्येक आळीत एक असतोच. पण तुमच्या आळीतल्या माणसाने अमेरिका आणि रशियाला दुरुस्ती सुचवली नसेल. आमच्याने सुचवली. दर सप्टेंबरात, पाच कार्बन लावून.

आम्ही त्यांना 'युनो' म्हणायचो. तोंडावर अर्थात काका. मालवणकडचे, अंगाने किरकोळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. कतारमध्ये, दोह्यातल्या एका सरकारी कचेरीत ते इंग्रजी टायपिस्ट होते. मी साताऱ्याहून त्र्याहत्तर साली तिथे टेलेक्सवर, देशोदेशीचे निरोप छापून येणाऱ्या यंत्रावर, लागलो तेव्हा तेविशीत होतो, आणि टेलेक्सवर बसणारा माणूस म्हणजे जगाच्या कारभाराचा नळ आपल्या हातात, अशी माझी समजूत होती. युनोंनी पहिल्याच दिवशी दुरुस्ती केली. "नळ नव्हे. तू नळाखालची बादली."

कचेरीतला आमचा विभाग तिघांचा. युनो, मी आणि एक सुदानी भाषांतरकार. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. भाषांतर करताना ते एवढे उसासे टाकायचे की एसीची गरज भासू नये. वर एक तरुण साहेब, कैरोला शिकून आलेले, अत्तराचा वास आधी आत यायचा आणि मागून ते. माणूस सभ्य. "प्लीज" म्हटल्याशिवाय कागद देत नसत.

युनोच्या सभेत, म्हणजे न्यूयॉर्कच्या खऱ्या युनोच्या, दरवर्षी प्रत्येक देश भाषण करतो हे तुम्हाला ठाऊक असेल. ते भाषण कुणी ऐकत नाही हेही ठाऊक असेल. पण ते लिहावं लागतं, आणि लिहिलेलं टाइप करावं लागतं. आमची रीत अशी होती. गेल्या वर्षीची फाइल काढायची, जुनं भाषण समोर ठेवायचं. वरून अरबीत बदल यायचे. उस्ताद उसासे टाकत त्यांचं इंग्रजी करायचे आणि युनो नवी प्रत काढायचे. पहिल्या परिच्छेदात अध्यक्षांचं अभिनंदन, मग पॅलेस्टाइन, मग तेल, मग गरीब देशांना मदत. असं करत करत गाडी बाविसाव्या परिच्छेदावर यायची. बाविसावा अण्वस्त्रांचा. बड्या देशांनी बॉम्ब कमी करावेत, आमच्या भागात तर ते मुळीच आणू नयेत, आणि लहान देशांच्या जिवाची हमी कुणीतरी घ्यावी, एवढंच त्यात असायचं.

हा बाविसावा युनोंनी मनाने दत्तक घेतला होता. बाकीचे परिच्छेद ते टाइप करायचे, बाविसावा ते "काढायचे". त्या दिवशी आधी मशीन पुसायचे, मग हात धुऊन यायचे.

"काका, तुमच्या देशाकडे बॉम्ब आहे का?" मी विचारायचो.

"नाही."

"करायचाय का?"

"छे."

"मग दुसऱ्यांना सांगायला तुमचं काय जातं?"

"वरच्या मजल्यावरच्याने घरात घासलेटची पिंपं भरून ठेवली, तर तळमजल्यावरच्याने बोलू नये? तळमजल्यावरच्यानेच बोलायचं. तो वरून उडी मारून तरी वाचेल, घर कोसळायचं ते आपल्या डोक्यावर."

पुढे पेपरात कतारने घेतलेल्या लढाऊ विमानांचे फोटो यायला लागले तेव्हा मी ते त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवले. म्हटलं, बघा तुमच्या तळमजल्यावरच्याची खरेदी. त्यांनी चष्मा सारखा करून ते नीट पाहिले. "माझा परिच्छेद अणुबॉम्बवर आहे," ते म्हणाले, "विमानांचा माझ्याकडे नाही."

एक सांगायला हवं. 'आमचा देश' म्हणाले की ते कतारबद्दल बोलत असायचे, आणि 'आपला देश' म्हणाले की भारताबद्दल. दोघांत त्यांची कधी गल्लत झाली नाही. झाली ती आमची.

आमची मेस अल मुंतझाच्या मागच्या गल्लीत होती. तीन खोल्या, नऊ माणसं, बायका-पोरं सगळ्यांची गावी. चौघे कोकणातले, पाच घाटावरचे. मेसचा कारभार पवार ड्रायव्हरांकडे होता. हे कराडकडचे, गळ्यात माळ, आवाज ट्रकच्या हॉर्नचा. कोकणवाल्यांचे पुढारी परब मिस्त्री, सुतारकामावर फोरमन, युनोंच्या शेजारच्या गावचे.

शुक्रवार सुट्टीचा. त्या दिवशी कोकण बोंबील भाजायचं. पवारांच्या माळेला तो वास सहन होत नसे, म्हणून उत्तरादाखल ते तव्यावर हिरव्या मिरच्या परतायचे. मिरचीच्या ठसक्याने सगळी मेस खोकत गच्चीवर पळायची. पुढच्या शुक्रवारी बोंबील दुप्पट. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मिरच्या तिप्पट. शेवटी खालच्या मजल्यावरचा घरमालक फडक्याने नाक दाबून वर आला आणि "खलास, खलास" एवढंच म्हणून रडत खाली गेला.

तेव्हा युनोंनी करार काढला. कचेरीतून रद्दी कागद आणून, नऊ प्रती, सात कलमं. बोंबील भाजायचे ते बारा ते दोन, खिडक्या उघड्या ठेवून. मिरच्या परतायच्या तर दहा मिनिटं आधी सूचना. दोन्ही पक्षांनी साठा दर महिन्याला कमी करायचा. आणि सातवं कलम तपासणीचं. कुणीही कुणाच्याही खाटेखाली बघू शकेल, आणि बघू देणाऱ्याने तोंड वाकडं करायचं नाही. नऊ जणांनी सह्या केल्या. पवारांनी तर अंगठा उठवून त्याखाली सहीही केली.

पहिल्याच तपासणीत युनोंच्या खाटेखाली डालड्याचा पाच किलोचा डबा सापडला. बोंबलांनी ठासून भरलेला.

पवारांनी डबा हातात धरला. "काका, हे काय?"

युनो लाल झाले, पण बोट वर गेलंच. "माझी एक छोटीशी दुरुस्ती आहे. तो साठा नाही. शांततामय कामासाठी ठेवलेत."

पुढे महिनाभर मेसमध्ये कुणीही काहीही लपवलं की ते शांततामय कामासाठी असायचं. पवारांची विडीसुद्धा.

मग चौऱ्याहत्तरचा मे आला. रेडिओवर बातमी लागली की आपल्या देशाने राजस्थानात अणुस्फोट केला. मेसमध्ये काय झालं ते काय सांगू! पवारांनी स्वतः शिरा केला, तूप हात आखडता न घेता. परब मिस्त्रींनी गल्लीतल्या बंगाली शिंप्यालाही वाटी नेऊन दिली. मी तर गच्चीवर उभं राहून घोषणा दिल्या. त्या ऐकायला खाली एक मांजर आणि पाण्याचा टँकरवाला होता. परदेशात दुसऱ्याच्या दारात राबणाऱ्या माणसाला देशाच्या अंगात ताकद आलीय हे कळलं की कसं वाटतं, ते गावात बसून कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना पवार छाती काढून ट्रकमध्ये चढले. त्यांचा धाकटा भाऊ फौजेत होता, एकाहत्तरच्या लढाईत त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती.

युनोंनी शिऱ्याची वाटी संपवली, बोटं चाटली, आणि बोट वर केलं.

"नको काका," मी म्हटलं.

"फक्त एवढंच," ते म्हणाले, "रेडिओ म्हणतो शांततामय कामासाठी. माझ्या डब्याला तुम्ही हसलात."

त्या दिवशी सगळे हसले. पवारसुद्धा. तोवर सगळं ठीक होतं.

ऑगस्टात भाषणाचा कच्चा मसुदा आला. उस्तादांनी उसासे टाकून इंग्रजी केलं आणि कागद युनोंच्या टेबलावर ठेवले. टेलेक्सचा कागद न्यायला म्हणून मी तिथून गेलो आणि बाविसाव्यावर माझी नजर पडली. एक नवं वाक्य होतं. कुठल्याच देशाचं नाव नव्हतं. स्फोट कुठल्याही नावाने केला तरी तो स्फोटच, आणि त्याचा धाक आधी लहान देशांना बसतो, एवढाच त्याचा अर्थ. पण मी चोविशीतला होतो. ते वाक्य मला थेट आपल्या तोंडावर मारल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी मेसमध्ये जाऊन मी ते सांगितलं. मीच सांगितलं. आणि सांगताना वाक्याला थोडी फोडणीही दिली.

शुक्रवारी सभा बसली. आता ही चूक आमच्यासारखेच करू जाणे. नऊ माणसांत मॅट्रिकच्या पुढे गेलेले आम्ही दोघे, युनो आणि मी. बाकीच्यांच्या लेखी, ज्याच्या मशीनमधून कागद बाहेर येतो त्याचाच तो कागद. गावाकडे अर्ज लिहून देणारा कारकून म्हणजेच सरकार, तसं. मला खरं माहीत होतं, पण मी गप्प बसलो.

"आपल्या देशाच्या विरोधात तुमी लिवताय व्हय?" पवारांनी विचारलं. "माज्या भावानं बोटं घालवली, ती काय ह्याच्यासाठी?"

"मी लिहीत नाही, पवार. मी टाइप करतो."

"मग गाळा की येवढं वाक्य! आभाळ कोसळतंय व्हय? कुनाला कळनार हाय?"

खरंच कुणाला कळलं नसतं. युनोंची प्रत थेट पाकिटात जायची. साहेब शेवटचं पान बघून सही करायचे.

युनो चष्म्याच्या काडीचा दोरा सारखा करत बसले. तेव्हा परब मिस्त्री पुढे सरकले. त्यांच्या पुतण्याशी युनोंच्या मुलीचं, शालूचं, लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली होती, दिवाळीनंतरचा मुहूर्त होता. पुतण्या मुंबईत गोदीत कायम नोकरीला. असं स्थळ मालवणात दिवा घेऊन शोधलं तरी मिळालं नसतं, हे युनो स्वतःच आम्हाला शंभर वेळा सांगून चुकले होते.

"आयक," परब म्हणाले, "ह्या वाक्य तू लिवलंस, तर ता लगीन होवचा नाय. आताच सांगतंय. मागसून बोलू नको."

मी युनोंच्या बोटाकडे पाहत होतो. ते मांडीवर होतं.

"बघतंय," ते म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पहिला परिच्छेद टाइप केला, दुसरा केला, एकविसाव्यापर्यंत आले आणि बाविसावा तसाच ठेवून तेविसाव्याला लागले. आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. कागद मसुद्याच्या तळाशी पडून होता. उस्ताद घाई करायचे, "यल्ला, ट्वेंटी-टू?" युनो म्हणायचे, "टुमॉरो, इन्शाल्ला." मला वाटलं आपण जिंकलो. मेसमध्ये मी तसं सांगितलंही. पवारांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

सप्टेंबरात एका सकाळी ते हात धुऊन आले, मशीन पुसलं, पाच कार्बन लावले आणि बाविसावा काढला. पूर्ण. त्या वाक्यासकट. मी पाठीमागे उभा होतो. कागद ओढून त्यांनी ओळीओळीवर बोट फिरवत तपासला आणि पाकिटात घातला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा, सांग मेसमध्ये."

म्हणजे चुगली कुणी केली ते त्यांना ठाऊक होतं. मी गेलो आणि सांगितलंही. लाज वाटायचं वय नव्हतं ते.

त्या दिवसापासून मेसने त्यांचा स्वयंपाक बंद केला. नऊऐवजी आठ जणांचे तांदूळ भिजू लागले. खोली तीच, खाट तीच, पण बोलणं नाही. ते जिन्याच्या पायरीवर बसून खुबूसची रोटी आणि डब्यातला मासा खायचे. परबांनी गावी पत्र टाकलं आणि आठ-पंधरा दिवसांत लग्न मोडल्याचं कळलं. त्या दिवशी युनोंनी पायरीवर बसून नेहमीइतकंच खाल्लं. आम्ही दार लोटून घेतलं होतं. मीही आत होतो, आणि जेवत होतो.

कचेरीत मात्र ते मला टायपिंग शिकवत राहिले. "करंगळी वाकडी. अनामिका वापर, ती देवाने फक्त अंगठीसाठी दिलेली नाही." टेलेक्सवरच आयुष्य काढू नको, म्हणायचे. मी शिकत गेलो. त्यांच्याकडून शिकायचं आणि त्यांना जेवायला बसू द्यायचं नाही, यात मला काही विचित्र वाटत नव्हतं. माणूस एकदा देशभक्त झाला की त्याला बऱ्याच गोष्टी विचित्र वाटेनाशा होतात.

पाच महिने हे चाललं. या पाच महिन्यांत मेसमधून एक अर्ज बाहेर गेला नाही, कारण सगळ्यांचे अर्ज तेच टाइप करायचे. रजेचे, ओव्हरटाइमचे, व्हिसाचे. सगळे अडले होते, पण नाक वर. मग पवारांच्या आईचं दुखणं आलं. तातडीची रजा हवी होती. मी माझ्या परीने अर्ज टाइप करून दिला. त्यांच्या कंपनीच्या बाबूने तो परत फेकला. एका संध्याकाळी पवार जिन्यात जाऊन उभे राहिले. तो हॉर्न अगदी बारीक वाजला.

"काका, आई शिरियस हाय."

युनोंनी तोंडातला घास गिळला. बोट वर केलं. "सिरियस की आजारी?"

"आजारी हाय. पर येकली हाय."

"मग तेवढंच लिहू. खरं असलं की पुरतं."

रजा मिळाली. पवार महिन्याने परत आले ते आईच्या हातचे तिळाचे लाडू घेऊन. पहिला लाडू त्यांनी पायरीवर नेऊन ठेवला, आणि खाली मान घालून म्हणाले, "उद्यापासनं आत बसा." बस्स. कोकणाची आणि घाटाची माफी मागायची पद्धत सारखीच, मागायचीच नाही. परब मात्र पुढे वर्षभर युनोंशी बोलले नाहीत, आणि नंतर बोलले ते बोंबलांच्या भावाबद्दल.

त्यानंतर वर्षं भराभर गेली. शालूचं लग्न तीन वर्षांनी कुडाळकडे एका शाळामास्तराशी झालं. युनोंच्या केसांचं खोबरं झालं. मी टेलेक्स सोडून त्यांच्या शेजारच्या मशीनवर आलो. साहेब बदलत गेले आणि प्रत्येक नव्या साहेबाला भाषण लांब वाटायचं. एकाने बाविसाव्यावर तांबडी रेघच मारली. युनो उठून उभे राहिले, बोट खांद्याइतकं वर.

"सर, वन स्मॉल करेक्शन."

"येस?"

त्यांनी इंग्रजीत जे सांगितलं ते साधारण असं, की इतकी वर्षं आपण बॉम्ब नको म्हणत आलो, या वर्षी गप्प बसलो तर लोक म्हणतील, यांनी घेतला वाटतं एखादा.

साहेब इतके हसले की डोक्यावरचा रुमाल सरकला. रेघ खोडली गेली.

ऐंशीनंतर समोरच्याच समुद्रात इराण-इराकची लढाई पेटली आणि जहाजांवर बॉम्ब पडू लागले. तेव्हा आम्ही बाविसाव्याला हसायचं बंद केलं. तळमजला म्हणजे काय ते तेव्हा समजलं. पण युनोंच्या मनात दुसरंच शल्य होतं. बॉम्ब करणार नाही असं लिहून देण्याचा जगाचा एक करार होता, आणि त्यावर आमच्या देशाने अजून सही केलेली नव्हती. दरवर्षी ते भाषणाच्या फाइलला एक चिठ्ठी टाचायचे. आपण दुसऱ्यांना सांगतो, आपली सही राहिली आहे. दरवर्षी उत्तर यायचं, इन्शाल्ला.

"काका, त्या करारावर तर आपल्या देशाचीही सही नाही," मी एकदा टोचलं. "बड्यांनी ठेवायचे आणि बाकीच्यांनी शपथ घ्यायची, हा कुठला न्याय, म्हणतोय आपला देश. चुकीचं आहे का?"

"चुकीचं नाही," ते पटकन म्हणाले. मग मशीनमधला कागद सरळ केला. "पण बोंबलांच्या करारावर मी सही केली होती की नाही? करून लबाडी केली, ते वेगळं. सही होती म्हणून तर पकडला गेलो."

सत्त्याऐंशीच्या शेवटी साठ पुरी झाली म्हणून त्यांना गावी पाठवलं. विमानतळावर पवार ढसाढसा रडले. मी हात जोडले आणि पत्र लिहीन म्हणालो. लिहिलं नाही. आधी आळस म्हणून, आणि मग इतके दिवस लिहिलं नाही तर आता काय तोंडाने लिहायचं म्हणून.

त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं. एकोणनव्वदच्या वसंतात आमच्या देशाने त्या करारावर सही केली. वरून कागद आले आणि मी ते टाइप केले, बाकीच्या कागदांसारखेच. दुपारी उस्ताद चहा घेऊन माझ्या टेबलाशी बसले. आता त्यांचे उसासे खरे दम्याचे होते.

"त्याला कळव," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्या वर्षीचं वाक्य आठवतंय तुला? इंडियाचं?"

"आठवतंय."

"साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं होतं. तू इंडियन आहेस, तुला जड जात असेल तर ते वाक्य काढू या, माझी हरकत नाही. मी तिथेच होतो."

मी कप खाली ठेवला. "मग?"

"तो म्हणाला, विचार करायला वेळ द्या. काही आठवड्यांनी येऊन म्हणाला, राहू द्या. आज माझ्यासाठी काढलं तर उद्या दुसरा टायपिस्ट त्याच्या देशासाठी काढायला सांगेल, परवा तिसरा. मग परिच्छेदात फक्त आकडा उरेल."

पंधरा वर्षं मला वाटत होतं, ते हुकमाचे ताबेदार होते. नोकरी जाईल म्हणून त्यांनी ते वाक्य ठेवलं असणार, असं आम्ही आपसांत म्हणायचो, आणि त्यातल्या त्यात हीच काय ती सवलत आम्ही त्यांना दिली होती. त्यांना कुणी भाग पाडलंच नव्हतं. मानेच्या एका होकाराने मुलीचं लग्न वाचलं असतं, मेस वाचली असती. आणि हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

मे महिन्यात रजेवर आलो तो साताऱ्याला बॅग टाकून थेट मालवणची एसटी धरली. खिशात पेपरातलं सहीच्या बातमीचं कात्रण होतं. घर विचारत विचारत गेलो. ओटीवर एक बाई तांदूळ निवडत होत्या. डोळे युनोंचेच. त्या शालूताई, सुट्टीला माहेरी आलेल्या. मी दोह्याहून आलोय म्हटल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"बाबा गेले," त्या म्हणाल्या. "गणपतीनंतर. तुम्हाला कुणाला कळवायचं ते आम्हाला माहीत नव्हतं."

मी कात्रण पुढे केलं. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं, दोनदा. "झाली एकदाची सही," एवढंच म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

मग मी त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली. साहेबांनी सूट दिली होती, काकांनी घेतली नाही, तुमचं लग्न त्यामुळे...

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "बाबांनी मला पत्र लिहून विचारलं होतं. असं असं वाक्य आहे, ठेवलं तर तुझं लग्न मोडेल, काढायची मोकळीक आहे, तू सांगशील तसं करतो. एकोणीस वर्षांची होते मी. तीन दिवस रडले."

"मग काय लिहिलंत?"

"लिहिलं, जे लोक एका वाक्याला एवढे घाबरतात, त्यांच्या घरात मला जायचं नाही. तुम्ही टाइप करा."

म्हणजे त्या तीन आठवड्यांत, मी मेसमध्ये विजयाच्या बातम्या देत होतो तेव्हा, ते या पत्राची वाट बघत होते. मला ओटीवर बसवेना. पण न सांगता उठणं त्याहून कठीण होतं.

"ताई, मेसमध्ये जाऊन ते सांगणारा मी होतो," मी म्हटलं.

"तेही माहीत आहे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "बाबांनी तेव्हाच लिहिलं होतं. साताऱ्याचा एक मुलगा आहे, हुशार आहे, बोटं चांगली चालतात, पोटात काही राहत नाही. त्याला टायपिंग शिकवतोय." त्या सूप उचलून उठल्या. "उन्हाचे आलात. जेवूनच जा."

मी नको म्हणालो. त्या आत गेल्या आणि पाट मांडल्याचा आवाज आला. आम्ही त्यांच्या वडिलांना पाच महिने पंगतीला बसू दिलं नव्हतं. त्यांनी मला आग्रह करून दोनदा भात वाढला, आणि दोन्ही वेळा मी मान खाली घालून खाल्ला.